आजारपण आणि नोकरी यांचा आराखडा एकत्रच करा

नोकरीनिमित्त कुटुंबासह परदेशी जाण्यापूर्वी आजारपणासाठी आणि कामाच्या ठिकाणच्या अडचणींसाठी कृती आराखडा कसा तयार करावा, असे तुम्ही विचारले आहे आणि मुलाला दमा असल्याचे शेवटी ओझरते लिहिले आहे. त्या शेवटच्या ओळीमुळेच मी इतके सविस्तर लिहीत आहे. विमा कोणता घ्यावा आणि व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळते. ते येथे पुन्हा देत नाही.

आराखडा कसा असावा, हे मला माझ्या मुलीच्या दम्याच्या कागदानेच शिकवले. दम्याच्या रुग्णासाठी डॉक्टर जो लेखी आराखडा देतात, त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग असतात. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजण्याचे छोटे यंत्र, त्यावरील आकडा रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम नोंदीच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल, तर नेहमीची औषधे चालू ठेवायची. तो ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान उतरला, तर कोणते औषध किती वाढवायचे आणि कोणाला कळवायचे हे लिहिलेले असते. आणि ५० टक्क्यांच्या खाली गेला, तर औषध देऊन लगेच तातडीची मदत मागवायची असते. लहान मुलांना मीटरमध्ये नीट फुंकता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी रात्रीचा खोकला, खेळताना लागणारी धाप, बोलताना तुटणारे वाक्य अशी लक्षणे लिहितात. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काही ठरवावे लागू नये, यासाठीच हा कागद असतो. कोणती खूण दिसली की काय करायचे, ते कोणी करायचे आणि किती वेळात, एवढे ज्यात लिहिलेले आहे त्यालाच मी आराखडा म्हणते.

परदेशी निघण्यापूर्वी असा कागद सध्याच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत टंकलिखित करून घ्या आणि त्यात औषधांची व्यापारी नावे न देता मूळ नावे व मात्रा लिहून घ्या. भारतात अ‍ॅस्थालिन म्हणून ओळखले जाणारे औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, आणि तेच अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते. पॅरासिटामॉलला अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. तातडीचा क्रमांकही त्याच कागदावर ठळक हवा, कारण तो युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११ आणि ऑस्ट्रेलियात ००० असा बदलत जातो.

शाळेबद्दल मला अधिक लिहावे लागेल. आमच्या मुलीच्या शाळेने सांगितले की स्थानिक डॉक्टरांच्या सहीचा अर्ज मिळेपर्यंत तिचा इन्हेलर शाळेत ठेवता येणार नाही. डॉक्टरांकडे नाव नोंदवायला राहत्या पत्त्याचा पुरावा लागत होता आणि तो पुरावा घरभाड्याचा करार पूर्ण झाल्याशिवाय मिळत नव्हता. तोवर खेळाच्या तासाला तिला कडेला बसवून ठेवत असत. शाळेचे वागणे नियमाला धरून होते, हे मी मान्य करते. तरीही सात वर्षांच्या मुलीला रोज बाजूला बसलेले पाहून एकाही शिक्षिकेला मला फोन करावासा वाटला नाही, हा सल अजून गेलेला नाही. तिला आता त्यातले काही आठवत नाही, मला मात्र सगळे आठवते. म्हणून प्रवेश निश्चित होताच शाळेचा औषधांचा अर्ज मागवून घ्या, आणि स्थानिक सही मिळेपर्यंत शाळा नेमके काय करणार आहे, याचे उत्तर लेखी मागा.

कामाच्या ठिकाणासाठी हेच तीन रंग वापरा. पगार उशिरा किंवा कमी येणे, ठरलेल्यापेक्षा वेगळे काम सोपवले जाणे, चारचौघांत अपमान होणे ही पिवळ्या भागातील लक्षणे समजा आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द व हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. तोंडी बोलणे झाल्यावर ‘आज आपले असे ठरले’ असा छोटा, सौम्य ईमेल पाठवा. स्वतःचा करार आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती कार्यालयाच्या संगणकाबाहेरही असू द्या. कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे मात्र बाहेर नेऊ नका. पारपत्र काढून घेतले गेले, न वाचता सही करण्याचा दबाव आला किंवा बडतर्फीचे पत्र हाती पडले, तर तो लाल भाग आहे. तेथे मुदती फार थोड्या असतात. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी जर्मनीत पत्र मिळाल्यापासून तीन आठवडे मिळतात आणि ऑस्ट्रेलियात बडतर्फी लागू झाल्यापासून २१ दिवस. अमेरिकेत एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावरील व्यक्तीला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस राहता येते. तक्रारीची मुदत आणि व्हिसाची मुदत अशा दोन्ही एकाच वेळी धावू लागतात. म्हणून दोन्ही आकडे आणि कामगार संघटना, वकील व भारतीय दूतावास यांचे क्रमांक आधीच लिहून ठेवा.

आणि येथेच दोन आराखडे एकमेकांत गुंततात. माझ्या नोकरीवर आमचा व्हिसा होता आणि मुलीचा विमाही होता. एका वरिष्ठांचे अवमानकारक बोलणे मी दीर्घकाळ ऐकून घेतले, कारण प्रत्येक वेळी मनात तिच्या औषधांचा विचार येई. तो संयम होता की भीती, हे मला आजही ठरवता आलेले नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून नोकरी सुटल्यास विमा कोणत्या दिवशी संपतो, जोडीदाराच्या विम्यात मुलाला घेता येते का आणि औषधांचा साठा किती दिवस पुरेल, हे नोकरीच्या आराखड्यातच लिहा.

एकटेपणावर मी फार लिहीत नाही; तो येतो आणि कामात मागे पडतो. मात्र शाळेच्या अर्जात आईवडिलांव्यतिरिक्त तातडीने येऊ शकणाऱ्या व्यक्तीचे नाव विचारतात आणि ती ओळ रिकामी सोडणे मला फार जड गेले होते. तेथे पोहोचताच शेजारी किंवा सहकारी यांपैकी दोघांना संकोच न करता विचारा, इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) कसे वापरायचे ते त्यांना प्रत्यक्ष दाखवा आणि त्या कागदाची प्रत त्यांच्याकडे द्या. तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही. ते आणि मुलाच्या औषधांची मूळ नावे कळवलीत, तर तुमच्या आराखड्याचा मसुदा मी आनंदाने वाचून देईन.