भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाचं जुनं फर्निचर पडलंय, नको असेल तर काय करायचं?

पहिलं म्हणजे भंगारवाल्याला बोलवू नका. दिवाण कितीही मोडका असला तरी तो मालकाचा आहे आणि तुमचं डिपॉझिट त्याच्याकडे आहे.

लीव्ह अँड लायसन्सचं अ‍ॅग्रीमेंट काढून बघा, शेवटी बऱ्याचदा सामानाची यादी असते, पंखे ४, गीझर १, कपाट १ अशी. यादीत आहे ते घर सोडताना परत दाखवावं लागतं. नसेल तरी फोटो काढून व्हॉट्सॅपवर विचारा, फोनवरचं "हो हो टाका" नंतर कुणाला आठवत नाही.

मी कोथरूडला राहायचो तेव्हा अख्खा हॉल मालकांच्या आईच्या सागवानी पलंगाने अडवलेला, विषय काढला की काका म्हणायचे असू दे रे तुलाच उपयोगी पडेल, असे तीन महिने गेले. मग म्हटलं काका टेम्पोचं भाडं मी देतो, कुठे न्यायचा तेवढं सांगा, तर दोन दिवसांत त्यांचा भाचा येऊन घेऊन गेला. अडलं होतं ते खर्चावर!

ऐकतच नसतील तर खोलून भिंतीला उभा करा, स्क्रू पिशवीत घालून त्यालाच बांधा. जिन्यात ठेवू नका, सोसायटी बोंब मारेल. आणि गादीत ढेकूण नाहीत ना ते आधी बघा, ते असतील तर मालकही लगेच ऐकतो.

अजून सही केली नसेल तर मात्र सोपं आहे, महाराष्ट्रात १९९९च्या भाडे कायद्याने करार लेखी आणि रजिस्टर्ड लागतोच, त्यातच लिहून घ्या की हे सामान मालक हलवणार, तारखेसकट.