कंपनीच्या मेलने मुदत वाढत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा लॅब्रॅडॉर बंडू, चार वर्षांचा. अंगावर गोचीड झाले म्हणून जवळच्या खासगी क्लिनिकमध्ये नेला. डॉक्टरांनी महिनाभर काम करणारी चघळायची गोळी दिली, तीही पाकिटाशिवाय, नुसती हातावर. तिसऱ्या रात्री झटके सुरू झाले आणि पाचव्या दिवशी बंडू गेला. तेव्हापासून ताई औषध कंपनीला मेल करत आहेत. त्यांचे प्रश्न दोन: कंपनीवर केस करायला मुंबईला जावं लागेल का, आणि कंपनी अजून ‘चौकशी सुरू आहे’ म्हणते आहे, तर तोवर थांबावं का?

ताई, थांबू नका. एक आठवडाही नको.

गोळी दिली त्या 14 मे ला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तुमचं पत्र माझ्याकडे 2 एप्रिलला आलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. म्हणजे तुमच्या हातात सहा आठवडे आहेत, आणि तुम्ही मला विचारताय की कंपनीच्या उत्तराची वाट पाहू का!

तुम्ही लिहिलंय, ‘कंपनीचा शेवटचा मेल डिसेंबरचा आहे, तेव्हा मुदत तिथून धरता येईल ना?’ नाही धरता येणार. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने, नोटीस पाठवल्याने, स्मरणपत्रं धाडल्याने मुदत पुढे सरकत नाही. अशी पत्रं मला दर पावसाळ्यात येतात. कुणी म्हशीच्या गोचिडांचं औषध पाण्यात न मिसळता पामेरियनच्या अंगाला चोळलेलं असतं. कुणी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब मांजरावर टाकलेले असतात, आणि त्यातलं पर्मेथ्रिन मांजराला जीवघेणं ठरतं. कुणाच्या कोली जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध टोचलेलं असतं, जे त्या जातीतल्या अनेक कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे सोसत नाही. औषधं वेगवेगळी, पण दुकानदाराशी, डॉक्टरशी, कंपनीशी ‘बोलणं चालू आहे’ म्हणत दोन वर्षं घालवणं सगळ्यांचं सारखं.

समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर? तरी सुटका नाही. स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं आहे की ग्राहक मंचाने, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाने, मुदत स्वतःहून तपासायची. तो निकाल जुन्या कायद्यावरचा असला तरी तरतूद तशीच आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. पण ‘कंपनी उत्तर देईल असं वाटलं’ हे कारण मी स्वतः कुठल्याही आयोगापुढे ठेवायला धजणार नाही. तुम्ही 19 मे, म्हणजे बंडू गेला ती तारीख धरली आहे. कदाचित ती मान्यही होईल. पण पाच दिवसांसाठी वाद कशाला ओढवून घ्यायचा? गोळी दिली ती तारीख धरा आणि एप्रिल संपायच्या आत तक्रार दाखल करा.

आता याच मुदतीतला दुसरा फास, जो तुमच्या लक्षातही आलेला नाही. दोन वर्षांत तुम्ही कंपनीला अकरा मेल केलेत आणि क्लिनिकला एक ओळही लिहिली नाहीत. मला भीती वाटते की तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारत बसलात.

तुम्ही कळवलेलं औषध आयसॉक्झॅझोलिन या गोचीड मारणाऱ्या औषधांच्या गटातलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 20 सप्टेंबर 2018 रोजी या गटाबद्दल इशारा दिला होता: काही कुत्र्यांमध्ये स्नायू थरथरणं, तोल जाणं आणि झटके येणं दिसलं आहे, आधी कधीही झटके न आलेल्या कुत्र्यांमध्येसुद्धा. त्याच निवेदनात बहुसंख्य कुत्र्यांसाठी ही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचंही म्हटलं आहे, आणि समोरचा वकील तेवढंच वाक्य वाचून दाखवेल. झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्याला जपून द्या, ही सूचना या औषधांच्या माहितीपत्रकात असते. कंपनी तेच पत्रक पुढे करेल. ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 87 नुसार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायच्या औषधाचा इशारा कंपनीने त्या तज्ज्ञापर्यंत रीतसर पोहोचवला असेल, तर पुरेशी सूचना दिली नाही या कारणावरून कंपनीला जबाबदार धरणं अवघड होतं. अशक्य आहे असं मी म्हणत नाही, पत्रक पाहिल्याशिवाय म्हणणारही नाही.

पण मग तो इशारा अडला कुठे? पाकिटाशिवाय गोळी ज्या हाताने दिली, त्या हातात. आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, सहज म्हणून लिहिली आहे: बंडूला पिल्लू असताना दोनदा झटके आले होते आणि त्याची नोंद त्याच डॉक्टरांनी लसीकरणाच्या वहीत केली होती! ताई, ही वही कुठे आहे? आज शोधा. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि मूळ वही कुणालाही देऊ नका, क्लिनिकने ‘जरा बघायला’ मागितली तरी नाही. डॉक्टरांना झटक्यांची माहिती होती, हे त्यांच्याच अक्षरात तुमच्याकडे आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी क्लिनिक आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. आधी कंपनीवर करू, डॉक्टरांना नंतर जोडू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. नंतर जोडलेल्या पक्षापुरती तक्रार त्या दिवशी दाखल झाली असा मुद्दा हमखास येतो, आणि तोवर दोन वर्षं उलटलेली असतील.

मुंबईचं म्हणाल तर जायची गरज नाही. तुम्ही कोल्हापुरात राहता, एवढ्यावर इथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही.

पुराव्याबद्दल हातचं राखूनच बोलतो. शवविच्छेदन न करता तुम्ही बंडूला कागलच्या शेतात पुरलंत. त्या रात्री तुमची अवस्था काय असेल हे कळतं मला, पण त्यामुळे गोळीनेच झटके आले हे सिद्ध करणं जड झालं आहे. समोरचे म्हणतील की कुत्र्यांमधली फेफरं बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयातच दिसू लागतात, बंडूला ती आधीपासून होतीच, गोळीचा काय संबंध? यावर कागदांवरून मत देणारा पशुवैद्यक लागेल. शिरवळच्या किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. शेवटच्या दोन दिवसांत शाहूपुरीत ज्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, त्यांच्या केसपेपरची प्रत याच आठवड्यात मागून घ्या. झटके कधी सुरू झाले आणि आधी काय दिलं होतं हे त्यावर लिहिलेलं असेल तर बरंच काम होईल.

बिलावर नुसतं ‘उपचार’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. यूपीआयची नोंद आहे, आणि ‘गोळीने थोडी सुस्ती येईल, काळजी नको’ हा क्लिनिकचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा आणि तो फोन विकू नका.

भरपाई किती मिळेल, हे मी सांगणार नाही. कायद्याच्या लेखी कुत्रा ही मालमत्ता आहे. ते मलाही खुपतं. पण उत्पादन दायित्वात, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीत, मालमत्तेच्या हानीसोबत होणारा मानसिक त्रास धरलेला आहे, तेव्हा तोही मागा. किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात, आणि त्याचा मला इतक्या वर्षांनंतरही संताप येतो. इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं लढून 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आणलं, ते न्याय घराजवळ आणि वेळेत मिळावा म्हणूनच. ग्राहक आयोगातल्या माणसालाही तेच हवं असतं. एक नियम मात्र तुमच्या बाजूने कडक आहे: सामनेवाल्यांना म्हणणं मांडायला तीस दिवस आणि जास्तीत जास्त आणखी पंधरा मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं आहे. पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुम्ही चिंगीबद्दलही विचारलंय, बंडूची सख्खी बहीण. गोचिडांचं औषध भीतीपोटी बंद करू नका, गोचीडतापानेही कुत्री दगावतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि भावाला झटके येत होते हे आधी सांगा, कारण ही प्रवृत्ती रक्ताच्या नात्यात असू शकते. तुम्ही सांगितलेलं केसपेपरवर लिहून घ्या. जे औषध देतील ते बंद पाकिटात मागा आणि तुमच्यासमोर फोडायला सांगा. बॅच नंबरचा फोटो काढून माहितीपत्रक घरी आणा. आणि सोमवारी बंडूची वही घेऊन माझ्याकडे या.