सुखाच्या दिवसांतली तयारी

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. नोकरी लागली, घरी सगळे ठणठणीत, आणि तरी तुला धास्ती की उद्या काही वाईट झालं तर आपला विश्वास टिकेल का. वेळेवर विचारलंस. नागपुरात कूलरच्या ताट्या मार्चातच बदलून घ्याव्या लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की मिस्त्री फोनसुद्धा उचलत नाही.

आधी एक सांगून ठेवते. देवावर भरवसा ठेवला की संकट येतच नाही, असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. ते मनावर घेऊ नकोस. हिस्लॉप कॉलेजवरून तू रोज जातोस. ज्यांचं ते नाव, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि १८६३च्या सप्टेंबरात बोरीजवळ नदीच्या पुरात बुडाले. देवाचं काम करणारा माणूस, पण नदीनं काही वाट दिली नाही. कॉलेज निघालं ते त्यांच्यामागे वीस वर्षांनी, १८८३ मध्ये. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी प्रभूनं जी दोन घरं सांगितली, एक खडकावरचं, एक वाळूवरचं, त्यांतही पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांना लागतो. खडकावर बांधलं म्हणून पहिल्याला काही सूट नाही.

मी जन्मभर नर्सची नोकरी केली. रात्रपाळीत एक गोष्ट पक्की कळली: दुखण्यात माणसाला नवी प्रार्थना सुचत नाही. एरवी सभेत अर्धा अर्धा तास बोलणारी माणसं ऑपरेशनच्या आदल्या रात्री मुकी होतात. बायबल उशाशी असतं, पण चष्मा काढलेला, सलाइनचा हात हलत नाही, अक्षर लागत नाही. मग जे तोंडपाठ आहे तेवढंच उरतं. एक आजी होत्या, सही म्हणून अंगठा लावायच्या. बायबलातलं तेविसावं स्तोत्र त्यांना सासूच्या तोंडून ऐकून पाठ झालेलं. धाप लागली की ओळ मधेच तुटायची. दम घेऊन त्या नेमकी तिथूनच पुढे धरायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या समाजाची नव्हती, पण काही दिवसांनी तिचेही ओठ त्यांच्याबरोबर हलायला लागले.

म्हणून पाठ कर. रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान समोर आला तेव्हा प्रभूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन तोंडावर फेकलं. तिथं काही ग्रंथाची गुंडाळी उघडून बसले नव्हते. महिन्याला एक स्तोत्र घे, मोठ्यानं म्हण, गाडीवर हेल्मेटच्या आत म्हटलंस तरी चालेल. तेविसावं, शेहेचाळिसावं, एकशे एकविसावं. त्यानंतर अठ्ठ्याऐंशीवं.

हे अठ्ठ्याऐंशीवं मुद्दाम सांगते. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवाला तक्रार चालते. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलं तेही स्तोत्रातलंच, बाविसाव्याची सुरुवात: ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ तू मात्र रोज रात्री ‘दिवस चांगला गेला, आभार’ एवढं आटोपून झोपत असशील. साहेबांनी चारचौघांत अपमान केला, मित्रानं पैसे बुडवले, तेही सांग देवाला, रागानं सांग. लहान दुखणं ज्याला कधी बोलून दाखवलं नाही, त्याच्यापुढे मोठं दुखणं घेऊन जायला जीभ उचलत नाही.

प्रार्थनेच्या वेळेचं म्हणशील तर बायबलातल्या दानीएलाकडे बघ. देवाची प्रार्थना करायला बंदीचा हुकूम निघाल्यावर तो घरी गेला आणि पूर्वीसारखाच दिवसातून तीनदा गुडघे टेकले. सगळी मेख त्या ‘पूर्वीसारखाच’मध्ये आहे.

आता मंडळी, म्हणजे आपलं चर्च. तुला तिथली भांडणं आवडत नाहीत, मलाही नाहीत. पण आपल्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वर्षानुवर्षं बोलणी चालली तेव्हा कुठं ते जमलं; तुझं तर फक्त गायनमंडळाशी बिनसलंय. रविवारी उपासना संपली की लगेच किक मारून पळू नकोस. कोण आजारी आहे ते विचार, घरी जा, डबा पोचव आणि गप्प बसून ये. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. उपदेश करायची खाज आपल्या लोकांना फार. तू ती सवय लावून घेऊ नकोस. ज्यांच्याकडे जाशील, त्यांनाच उद्या तुझ्या घरचा पत्ता माहीत असेल.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एखादं जेवण सोडायचं की नाही, हे तू आणि डॉक्टर ठरवा. माझा फार आग्रह नाही.

बुधवारी कुटुंबप्रार्थना आमच्याकडे आहे, साडेसातला. तेविसावं तुला म्हणायला लावणार आहे, पुस्तक न उघडता. आईलाही घेऊन ये, आणि तिला सांग, भाजी मी करतेय, तिनं फक्त पोळ्या आणाव्या.

तुझी,
मावशी