जीएसटी नंबर आईच्या नावावर काढण्याआधी

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. बारावीतला मुलगा, वय सतरा, शार्क टँकचे सगळे सीझन तोंडपाठ, ओव्हरसाइज टी-शर्टचा स्वतःचा ब्रँड काढायचाय, त्यासाठी दोन लाख हवेत, कॉलेज म्हणजे टाइमपास, आणि बापलेकांचं बोलणं बंद. खाली प्रतिसाद भरपूर आलेत. निम्मे म्हणतात त्याचे पंख छाटू नका, निम्मे म्हणतात आधी डिग्री घेऊ दे. पण तुमचं शेवटचं वाक्य कोणी वाचलंच नाही असं दिसतंय. "तो अजून अठराचा नाही म्हणून जीएसटी नंबर माझ्या नावावर काढू म्हणतोय, त्यात काही अडचण नाही ना?"

अडचण आहे. २०१८ साली तो मुलगा मी होतो. वय सतरा, धंदा टी-शर्टचाच, नंबर आईच्या नावावर.

आधीच सांगतो, मी सीए नाही, वकील नाही. स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा व्यवसाय आहे, सहा माणसं कामाला आहेत. नियम बदलत असतात, त्यामुळे खालचं काहीही करण्याआधी तुमच्या सीएला विचारून घ्या. धंदा कसा करायचा, मार्केटिंग, इन्स्टा वगैरेवर मी काही लिहीत नाही, ते तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त येत असणार.

मला नंबर लागला तो ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायचं म्हणून. तेव्हा उलाढाल कितीही कमी असली तरी तिथे माल विकायला जीएसटी सक्तीचा होता. (ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना यातून सूट आहे. नुसता माल विकत असाल तर महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत एरवीही नंबर लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र लागतो. हे आधी तपासा. कदाचित तुम्हाला आत्ता नंबरची गरजच नसेल.) अल्पवयीनाने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या कायद्यापासून चालत नाही, म्हणून आईचं पॅन, आईचा आधार, आईचा फोटो. सही कर म्हटलं, तिने केली. प्रोप्रायटर आई. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर मात्र "फाउंडर अँड सीईओ". पहिला टी-शर्ट विकला जायच्या आधी पाचशे कार्डं छापून आली होती. त्यांच्या मागच्या बाजूला आई अजून दुधाचा हिशोब लिहिते.

मार्केटप्लेसवर एकूण अकरा टी-शर्ट विकले गेले. खरी विक्री गावात झाली. गणपतीत एका मंडळाचे, एका ढोल पथकाचे, एका क्लासच्या गॅदरिंगचे. मंडळाने पैसे दिले ते वर्गणीतले, दहा-दहाच्या नोटांचे पुडके. मोजायला मी आणि आई रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. तो दिवस आयुष्यात विसरणार नाही, खोटं कशाला बोलू. तुमच्या मुलाच्या डोळ्यांत जे दिसतंय ते हेच, आणि त्यात वाईट काही नाही.

मग जानेवारी २०१९ मध्ये एका रनिंग इव्हेंटची ऑर्डर आली, अडीचशे नग. वेळ कमी होता. रबर प्रिंट नीट भाजून घ्यावी लागते, शाईला दीडशे-एकशेसाठ अंशांची उष्णता पुरेसा वेळ मिळाली पाहिजे. आम्ही दोन मित्र इस्त्री फिरवून माल बांधत होतो. पहिल्या धुण्यात अक्षरांना भेगा पडल्या. गिऱ्हाइकाने निम्मे पैसे अडवले, आणि ते अगदी बरोबर होतं. वर माझी बारावीची परीक्षा तोंडावर. मी धंदा "थांबवला". म्हणजे काय केलं? इन्स्टाच्या बायोमधून सीईओ काढून टाकलं. बस.

ताई, माझं खरं नुकसान इथे झालं. भेगा पडल्या तिथे नाही. दुकान बंद केलं म्हणजे नंबर बंद होत नाही. विक्री शून्य असली तरी रिटर्न, म्हणजे विक्रीचा आणि कराचा हिशोब, भरावं लागतं, ते चुकलं तर शून्याच्या रिटर्नलाही दिवसाला २० रुपये लेट फी. सहा महिने रिटर्न आलं नाही की अधिकारी स्वतः नंबर रद्द करू शकतो. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत एक शेवटचं रिटर्न भरायचं असतं, ते नाही भरलं तर त्याची फी वेगळी. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. नोटिसा गेल्या असणार, पण कुठे? अर्जात मोबाइल नंबर माझा दिला होता, एक जादाचं सिम, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेलं. ईमेल "ऑफिशियल" दिसावा म्हणून घेतलेल्या डोमेनचा. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालं, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं नाही. म्हणजे सरकार आईला पत्रं लिहीत होतं आणि ती हवेत जात होती.

२०२२ च्या शेवटी मी स्वतःच्या नावाने सुरुवात करायला निघालो तेव्हा सीएने सहज विचारलं, घरात कोणाच्या नावावर आधी नंबर होता का? त्याने पोर्टलवर आईचं पॅन टाकलं. स्क्रीनवर आलं, कॅन्सल्ड सुओ मोटो, म्हणजे अधिकाऱ्याने स्वतःहून रद्द केलेला. ऑक्टोबर २०१९ पासून. सात महिन्यांची रिटर्न बाकी, शेवटचंही बाकी.

भरायचं म्हटलं तर लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे नाही. नवीन काढायला ओटीपी लागतो, तो मेलेल्या सिमवर. मोबाइल आणि ईमेल बदलायचा असेल तर अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष कागदपत्रं घेऊन जावं लागतं, मग तो आपल्या लॉगिनमधून बदलून देतो. हे सीएने सांगितलं. आम्ही जिल्ह्याच्या गावी कार्यालयात गेलो. पहिल्या फेरीला खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आता सगळं ऑनलाइन असतं, इथे काही नसतं." मी म्हटलं ऑनलाइनला ओटीपी लागतो. "मग ओटीपी टाका." दुसऱ्या फेरीला साहेब व्हिजिटवर. अर्ज ठेवून जाऊ का? नाही, मूळ व्यक्ती समोर हवी. तिसऱ्या फेरीला आईला घेऊन गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, आईचे गुडघे आधीच कुरकुरतात. प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेली. दोन तास बाकावर बसलो. शेवटी एका मॅडमनी नंबर टाइप करून बघितला आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडे नाहीच. सेंट्रलला आहे."

तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी हा नंबर कोणी टाइप केला असता तर? पंधरा अक्षरं आहेत फक्त. मला राग कायद्याचा नाही, नियम होता आणि तो मी पाळला नाही. राग त्या बाकावरच्या दोन तासांचा आहे. आई उतरताना एवढंच म्हणाली, "मी नक्की काय विकत होते रे?"

हे मात्र लिहून ठेवा, कोणालाही उपयोगी पडेल. प्रत्येक जीएसटी नंबरचा कारभार राज्याकडे तरी असतो नाहीतर केंद्राकडे. लोक सवयीने जुन्या विक्रीकरवाल्या ऑफिसात जातात, जसे आम्ही गेलो. पोर्टलवर लॉगिन न करता करदात्याचा नंबर शोधायची सोय आहे, तिथे कोणतं कार्यालय ते लिहिलेलं असतं. घरातून निघण्याआधी बघा.

केंद्राच्या कार्यालयात काम पंधरा दिवसांत झालं, तिथल्या माणसाला धन्यवाद. मग २०२३ च्या उन्हाळ्यात सगळं भरलं. त्या वेळी एक सवलत होती, म्हणून शेवटच्या रिटर्नची दहा हजारांपर्यंत गेलेली फी हजारात सुटली. बाकीच्या सात महिन्यांना ती सवलत लागू नव्हती. प्रत्येक रिटर्नची फी वाढत वाढत १० हजारांच्या मर्यादेला टेकलेली. ७० हजार. २०२० मध्ये आणि २०२१ मध्ये जुन्या रिटर्नांना सवलती येऊन गेल्या होत्या, आम्हाला पत्ताच नव्हता. माझा त्या धंद्यातला एकूण नफा, सगळं धरून, चौदा हजार होता. बाबांनी चलन भरलं, त्याची प्रिंट काढून फाइलला लावली आणि वर पेनाने लिहिलं, "टी-शर्ट". त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत.

आता तुमच्या मुलाच्या हिरोंबद्दल दोन शब्द. हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. माझ्याही फोनवर स्टीव्ह जॉब्सचा फोटो होता. बिल गेट्सने हार्वर्ड सोडलं हे मी दिवसातून दोनदा आईला ऐकवायचो. तो १९६८ पासून, म्हणजे तेराव्या वर्षापासून शाळेत कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहीत होता आणि वडील चांगले नावाजलेले वकील होते, हे सांगायला विसरायचो. ओयोच्या रितेश अगरवालने कॉलेज सोडलं, खरंय. पण त्याला २०१३ मध्ये थिएल फेलोशिप मिळाली होती, आणि ती फेलोशिप तेव्हा कॉलेज सोडणाऱ्यालाच १ लाख डॉलर देत होती. तुमच्या मुलाला कोणी असे पैसे देत असेल तर जरूर सोडू दे. आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. १९१० ला किर्लोस्करवाडी वसवली तेवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधी ते मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत नोकरी करत होते आणि बेळगावातलं सायकलचं दुकान भाऊ बघत होता, यावर रील कोणी करत नाही. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली. या सगळ्यांच्या गोष्टीत कोणीतरी पाठीशी उभं असतं, कागदावर किंवा कागदाबाहेर. तुमच्या घरी ते कोण आहे? तुम्ही. म्हणून तुमच्या सहीची किंमत मुलाला कळली पाहिजे. नाही म्हणायला सांगत नाहीये मी.

माझ्याकडे असा भाचा असता तर मी काय केलं असतं? दोन लाख दिले नसते. वीस हजार दिले असते, परत मागणार नाही असं आधीच सांगून. नंबर न काढता गावातच विकायला लावलं असतं, अठरा होईपर्यंत. कॉलेज सोडायचा विषय या वीस हजारांचे चाळीस झाल्यावर काढायचा. ते झाल्यावर तो बहुतेक काढणार नाही, कारण संध्याकाळचे चार तास या धंद्याला पुरतात हे तोवर कळलेलं असतं. आणि मुलाच्या बाबांना सांगा, पोराला "अंबानी" म्हणून हाक मारणं बंद करा. माझे काका मारायचे. पहिले पंधरा दिवस गंमत वाटते, नंतर नुकसान झालेलं घरी सांगता येत नाही. प्रिंटला भेगा पडल्या ते मी घरी महिनाभर लपवलं होतं.

तरीही नंबर तुमच्या नावावर काढायचाच ठरला, तर मोबाइल तुमचा, जो तुम्ही रोज वापरता तो. ईमेल तुमचा. पासवर्ड वहीत. शून्य विक्रीच्या महिन्यात शून्याचं रिटर्न, ते १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं. आणि धंदा थांबला तर त्याच महिन्यात नंबर रद्द करायचा अर्ज, मग शेवटचं रिटर्न, त्याची पावती फाइलला. सुरू करताना ज्याने फी घेऊन नंबर काढून दिला त्याला हे आधीच विचारा, बंद करून द्यायचे किती घेणार? आमच्या एजंटने नंबर दोन दिवसांत काढून दिला होता. नंतर त्याचाही फोन लागला नाही.

जाता जाता टी-शर्टबद्दल. तिरुपूरहून माल मागवणार असेल तर आधी चार सॅम्पल मागवून घरी तीन वेळा धुवायला लावा. आधी आणि नंतर टेपने मोजायचं, छाती आणि उंची. एकशेऐंशी जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन) म्हणून येतं ते प्रत्येक वेळी तेवढं नसतं. आणि त्याला आज संध्याकाळी जेवताना सहज विचारा, शंभर टी-शर्ट घेतलेस तर त्यात स्मॉल किती, एक्सएल किती, आणि का? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. मी सगळ्या साइज सारख्या घेतल्या होत्या. अडतीस स्मॉल उरले. आमच्या घरी अजून गाडी पुसायला फडकं विकत आणावं लागत नाही.