“माझ्याकडूनच आलंय ना?”

रिपोर्ट टेबलावर होता, पण आई त्याकडे बघतच नव्हती. वडील मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. मुलगी सहा वर्षांची. दर महिन्याला सणकून ताप, पोटाला हात लावू देणार नाही इतकं दुखणं, आणि दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप थांबायचं. आईने प्रत्येक तापाची तारीख वहीत लिहिली होती, अँटिबायोटिकचे कोर्स लाल पेनाने. निम्मं निदान त्या वहीनेच केलं, असं मी आजही म्हणते.

“सासूबाई म्हणतात, आमच्यात असलं कुणाला नाही. माझ्याकडूनच आलंय ना?”

आजार होता फॅमिलिअल मेडिटरेनियन फीव्हर. त्याचं एमईएफव्ही हे जनुक १९९७ साली सापडलं. मी दोन रंगांच्या पेनांनी रेघा काढल्या. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. या दोघांकडेही एकेक प्रत बिघडलेली, पण दुसरी चांगली, म्हणून दोघं ठणठणीत. मुलीच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. त्यामुळे पायरिन हे प्रथिन जंतू नसतानाही धोक्याची घंटा वाजवतं, इंटरल्यूकिन-१ हे दाह पेटवणारं रसायन वाढतं आणि ताप चढतो. अँटिबायोटिक मारणार तरी कुणाला?

वडिलांनी मोबाइल खाली ठेवला. “म्हणजे माझ्याकडूनही?”

“अर्धं तुमच्याकडून.”

(हे गणित सगळ्या ऑटोइन्फ्लमेटरी, म्हणजे जंतूंशिवायच दाह पेटणाऱ्या, आजारांना लागू नाही. एनएलआरपी३ जनुकाच्या आजारांत एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि कधी कधी तो बदल आईवडिलांत नसतोच, बाळातच नव्याने होतो. शेजारणीच्या मुलाचा रिपोर्ट आपल्याला लावू नये.)

पुढच्या बाळाचंही त्यांनी विचारलं. दर गरोदरपणी धोका २५ टक्के. एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही.

खरी अडचण गोळीची होती. “बरी असतानाही रोज कॉल्चिसिन?” हो, बरी असतानाही. हे औषध या आजारात १९७२पासून माहीत आहे. ते तापाच्या पाळ्या रोखतंच, शिवाय वर्षानुवर्षांच्या दाहाने मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तेही टाळतं. सुरुवातीला जुलाब होऊ शकतात. तेव्हा परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. गोळी पुरली नाही, तर इंटरल्यूकिन-१ अडवणारी इंजेक्शनं आहेत. आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स कॉल्चिसिनसोबत घेतली, तर विषबाधा होऊ शकते.

आईने वही उघडली, लाल पेन मागितलं आणि पहिल्याच पानावर ते नाव मला अक्षर-अक्षर विचारून लिहून घेतलं. रेघांचा कागद वडिलांनी घडी घालून खिशात ठेवला.