ग्रीन कार्ड आल्यावर जगू

डॅलसजवळ राहणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून सुरुवातीचाच भाग देते:

"मावशी, सलाम. आम्ही मूळचे नगरचे. इथे येऊन अकरा वर्षं झाली. मिस्टर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मीही दोन वर्षांपासून नोकरी करते. मुलगा चौदाचा, मुलगी नऊची. सासूबाई नगरला एकट्या असतात. मागच्या महिन्यात चर्चमध्ये संदेश झाला की ख्रिस्ती माणसाने रोजचं आयुष्य सार्वकालिक दृष्टीने, म्हणजे अनंत जीवन नजरेसमोर ठेवून जगावं. ऐकताना बरं वाटलं. पण सोमवारी सकाळी डबे, शाळेची बस, ऑफिसची मीटिंग, वकिलाचा मेल. यात सार्वकालिक कुठे बसवू? आणि खरं सांगू का, स्वर्गाचा विचार करायला लागले की इतकी धडपड कशासाठी चाललीय तेच कळेनासं होतं."

सलाम, बाळा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. "ग्रीन कार्ड आल्यावर", म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायचा परवाना मिळाल्यावर, हे शब्द त्यात पाच वेळा आहेत. ग्रीन कार्ड आल्यावर सासूबाईंना भेटायला जाऊ. आल्यावर मुलाचं दृढीकरण, म्हणजे त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, नगरच्या चर्चमध्ये करू. आल्यावर मिस्टर नोकरी बदलतील, मग त्यांना घरी वेळ मिळेल. आल्यावर बागेत काहीतरी लावू. आल्यावर नीट दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, चर्चला देऊ.

मग सार्वकालिक दृष्टी नाही असं कसं म्हणतेस? ती तुझ्यापाशी भरपूर आहे, फक्त तुझा स्वर्ग पाकिटात मावणारा आहे.

हसून सांगते आहे, चिडून नाही. ती रांग मला ठाऊक आहे. नोकरीवर मिळणाऱ्या कार्डांमध्ये कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण 7 टक्क्यांहून जास्त जात नाहीत, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते. मुलगा एकवीसचा झाला की आईबापांच्या अर्जातून गळायची भीती असते. ही काळजी खरी आहे. तिच्यासाठी चांगला वकील हवा, नुसती प्रार्थना करून कागद पुढे सरकत नाहीत. पण रांगेत उभं राहणं वेगळं आणि आयुष्यच रांगेत उभं करणं वेगळं. अकरा वर्षांत मुलगा तीन वर्षांचा होता तो चौदाचा झाला. तो काही तारखेची वाट बघत थांबला नाही.

बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा 29 वा अध्याय काढ. यरुशलेमेहून बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने पत्र पाठवलं, ते त्यात आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक जण ठासून सांगतो की दोन वर्षांत सगळे घरी परततील. लोकांना तेच ऐकायचं होतं. (पुढच्या वर्षी कायदा बदलतोय म्हणून सांगणारे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही असतातच.) यिर्मया सांगतो, सत्तर वर्षं लागतील. आणि मग काय करा म्हणतो? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तरीही झाडं लावा.

सार्वकालिक दृष्टी म्हणतात ती मला इथे सापडते. शेवट देवाच्या हातात आहे हे एकदा मनात पक्कं झालं की आजच्या दिवसावर दडपण राहत नाही, आणि मग आजच्या दिवसात काम करता येतं. तुला उलटी भीती वाटते आहे, की स्वर्ग खरा मानला तर डबा भरण्यात अर्थ उरणार नाही. तसं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघ ना. त्याही परदेशात राहिल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी तिथे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पुढे 1886 मध्ये अमेरिकेत आल्या. तिथल्या थंडीतही शाकाहार सोडला नाही, आणि मोठमोठ्या पाद्र्यांशी वाद घालायलाही कचरल्या नाहीत. परत जाऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. दुष्काळात टाकलेल्या मुली गोळा करून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. स्वर्गावर इतका विश्वास असलेल्या या बाईने तिथे काय केलं? विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 मध्ये एकुलती एक लेक, मनोरमा, गेली. रमाबाईंचं भाषांतर तरीही चालू राहिलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, पण काम तोवर हातावेगळं झालं होतं. छापून पूर्ण झालेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

आता तुझ्या घराकडे येऊ.

दृढीकरण आधी घे. चौदाव्या वर्षी मुलगा प्रश्न विचारतो, अठराव्या वर्षी बहुधा विचारायचं सोडून देतो. नगरच्या चर्चमध्ये, आजीच्या समोर व्हावं ही तुझी इच्छा मला समजते, पण त्यासाठी त्याला थांबवू नकोस. तुमच्या तिकडच्या पाळकांशी बोल, वर्ग सुरू करा, आजीला फोनवर दाखवा. तुमच्या मंडळीत ही पद्धत नसेल तर नगरच्या पाळकांना पत्र लिहून मार्ग विचार. आणि मुलालाही विचार, त्याला हवंय का ते. हे कुणी विचारत नाही.

दशमांशाचं मी कठोरपणे सांगणार आहे. कमी असताना हात उघडत नाही तो जास्त आल्यावरही उघडत नाही. माझ्या आजीच्या गावात सुगीच्या सणाला बायका ओट्यात बाजरी घेऊन यायच्या. त्यांतल्या काहींच्या घरी संध्याकाळी काय शिजणार हे ठरलेलं नसायचं. ती बाजरी वेदीपुढे ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तू महिन्याला वीस डॉलरने सुरू कर, पण मुलांच्या देखत कर.

मिस्टरांच्या वेळेबद्दल मी तुला काही सांगत नाही, त्यांनी मला लिहावं.

एक इशारा. "इथे सोसा, वर प्रतिफळ आहे" असं सांगून बायकांना गप्प बसवणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. नवरा हात उचलतो, मालक पगार बुडवतो, आणि वर शास्त्रातला वेचा ऐकवला जातो. असं कुणी सांगितलं तर उठून यायचं. येशूने भुकेल्यांना स्वर्गाचं वर्णन ऐकवून घरी पाठवलं नाही, त्यांना जेवायला घातलं.

पत्राच्या शेवटी तू घाबरत घाबरत जे लिहिलं आहेस, त्यावर आता बोलते. सासूबाईंचं काही बरंवाईट झालं आणि परत येताना लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्यापायी जाता आलं नाही तर?

माझे वडील गेले तेव्हा मी जाऊ शकले नाही. दफनविधी मी फोनवर पाहिला, स्वयंपाकघरात उभी राहून. भाच्याचा हात थरथरत होता, मधेच चित्र अडकलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक मूठमूठ माती टाकत होते. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तेव्हाही होता. तरी मी तिथेच फरशीवर बसून रडले. नंतर कुणीतरी म्हणालं, ख्रिस्ती माणसाने असं रडू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं! आशा आहे म्हणून डोळे कोरडेच राहिले पाहिजेत हा नियम कुणी केला, मला माहीत नाही.

म्हणून वकिलाला नेमकं विचार की आत्ता जाऊन आलं तर धोका किती, त्याच्याकडून लेखी घे, आणि मग दोघं मिळून ठरवा. कदाचित जाता येईल, कदाचित नाही. तोवर एक गोष्ट या शनिवारपासूनच करता येईल. उन्हाळ्यात तुमच्याकडे शनिवारी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नगरला रविवारचे सकाळचे साडेसात झालेले असतात. सासूबाई चर्चला जायची तयारी करत असतील, पातळ नेसून, पिशवीत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घालून. तेव्हा फोन लाव. तब्येत, औषधं, लाइटबिल हे सगळं दुसऱ्या दिवशी विचार. गीत त्यांना निवडू दे. एक कडवं त्या म्हणतील, एक तुम्ही म्हणा, धाकटीला मराठी वाचता येत नसेल तर तिला नुसतं ध्रुपद पाठ करायला दे. नेटमुळे सूर पुढेमागे होतील आणि आजी म्हणेल, थांबा रे, मला गाठू द्या.