मिस्टरबीस्ट या अमेरिकन यूट्यूबरच्या कामाच्या पद्धतीतून गोव्यातल्या सण-जत्रांच्या लहान चॅनेलने काय घ्यावं?

सगळ्यांत आधी त्याचा क्रम घ्या: कल्पना, शीर्षक आणि थंबनेल (व्हिडिओवर क्लिक करण्याआधी दिसणारं चित्र) अगोदर, चित्रीकरण नंतर. माशेलच्या चिखलकाल्याचा, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाचा, व्हिडिओ करायचाय? मग देवकीकृष्णाच्या मैदानावर पोचण्याआधीच थंबनेल कागदावर काढा: चिखलाने माखलेला एकच चेहरा, मागे देऊळ. हे ठरलेलं नसलं की दोन तासांचं फुटेज जमतं, पण तो एक फोटो त्यात नसतो. पुढची संधी थेट पुढच्या आषाढात.

शीर्षकात जे कबूल केलं ते पहिल्या १०-१५ सेकंदांत दिसलंच पाहिजे. आधी भातशेतीवरून ड्रोन, मग ‘नमस्कार मंडळी’, मग सबस्क्राइबची विनंती. प्रेक्षक इथेच गळतो. यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक कुठवर टिकले याचा, आलेख उघडा, ३० व्या सेकंदाला किती जण उरलेत बघा आणि जिथे रेघ एकदम कोसळते तिथला शॉट नीट तपासा. बहुतेकदा तो लांबलेला असतो किंवा शीर्षकाशी त्याचा संबंधच नसतो.

तीन थंबनेल बनवून स्टुडिओतच तुलना लावता येते, ती जरूर लावा.

मिस्टरबीस्ट व्हिडिओंत वाटतो त्या बक्षिसांच्या रकमा मात्र विसरा.